वाचक विचारतात: कमांड लाइनवरून प्रिंटरला कोड पाठवायचे कसे

या वेळची पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावर आलीत, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. लोकांना वाटतं हा प्रिंटर संपला, पण वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, कळमन्याच्या अडतीवर, इतवारीच्या ठोक दुकानांमधे जाऊन बघा, कार्बनच्या तीन-चार कॉपी एका दमात काढायच्या तर आजही हाच लागतो, कारण पिना कागदावर आपटतात आणि खालच्या कॉपीवर अक्षर उमटतं, लेझरला ते जमतच नाही. म्हणून हा प्रिंटर नीट चालवता यावा असं मला मनापासून वाटतं आणि उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. कमांड इथे ऐकायला येतात तशा लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, बिल्टी तीन कॉपीत छापतो, नऊ पिनचा ८० कॉलमचा प्रिंटर आहे. जुना कॉम्प्युटर गेला, नवीन विंडोज ११ चा घेतला तर त्याले प्रिंटरचा तो जुना मोठा पोर्टच नाही, मग यूएसबीनं जोडला. बुकिंगचं सॉफ्टवेअर बिल्टी टेक्स्ट फाइलमधे देते. अक्षर थोडं बारीक पाहिजे होतं म्हणून पोरानं पॉवरशेलमधे कॅरेक्टर २७ आणि @, मग कॅरेक्टर २७ आणि एम असं जोडलं, बाणाच्या खुणेनं फाइलमधे टाकलं आणि ती फाइल प्रिंटरले कॉपी केली. अक्षर तसंच्या तसं, अन् वरून बिल्टीच्या माथ्यावर @ आणि एम छापून राहिला. काय चुकून राहिलं जी?

उत्तर: भाऊ, तुमच्या पोरानं कोड एकदम बरोबर घेतलेत, ते आधी सांगतो. एप्सनच्या इएससी/पी भाषेत, जी आपल्याकडचे बहुतेक डॉट मॅट्रिक्स समजतात, २७ म्हणजे एस्केप, म्हणजे "आता पुढे येतंय ते छापू नको, हुकूम समज". २७ आणि @ ने प्रिंटर मूळ सेटिंगवर येतो, २७ आणि एम ने इंचाला १० ऐवजी १२ अक्षरं बसतात.

गडबड झाली ती बाणाच्या खुणेत. विंडोजसोबत जो पॉवरशेल येतो, ५.१ वाला, तो बाणाने फाइल बनवताना प्रत्येक अक्षर दोन बाइटचं करून लिहितो, म्हणजे युटीएफ-१६ मधे, आणि फाइलच्या सुरुवातीला आपल्या मनाने दोन बाइट आणखी टाकतो. म्हणजे तुम्हाला वाटलं आपण २७, ६४ पाठवले, गेलं काय तर २५५, २५४, २७, ०, ६४, ० असं. प्रिंटरने २७ वाचला, पुढच्या बाइटला हुकूम समजून बघितलं तर तो निघाला शून्य, असा हुकूम त्याला माहीत नाही, सोडून दिला, आणि मग आलेला @ बिचाऱ्याने साधं अक्षर म्हणून छापला. एम चं पण तसंच. स्क्रीनवर फाइल उघडून बघाल तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून लोक दोन-दोन दिवस कोडच बदलत बसतात.

हे डोळ्याने बघायचं असेल तर प्रिंटरमधेच सोय आहे. बऱ्याच मॉडेलमधे ठराविक दोन बटणं दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो हेक्स डंप मोडमधे जातो (जुन्या एप्सनमधे लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन, तुमच्या मॉडेलची मॅन्युअलमधे बघून घ्या). मग काहीही पाठवा, तो हुकूम पाळत नाही, आलेला एकेक बाइट हेक्समधे, म्हणजे सोळाच्या हिशेबाने, कागदावर छापून दाखवतो. तुमची ती फाइल पाठवून बघा, एफएफ, एफई, १बी, ००, ४०, ०० असं येईल. ते ०० दिसले की समजायचं. मला विचाराल तर प्रिंटर कोडचं काम करणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावं, कारण कॉम्प्युटरने काय पाठवलं याचा पुरावा कागदावर मिळतो आणि अंदाज बांधणं बंद होतं.

आता बरोबर फाइल कशी बनवायची ते. नोटपॅडमधे एक ओळ लिहा, १बी ४० १बी ४डी, बस, आणि चालू.टीएक्सटी अशा नावाने सेव्ह करा. हे हेक्स आकडे आहेत, २७ म्हणजे १बी, ६४ म्हणजे ४०, ७७ म्हणजे ४डी. मग कमांड प्रॉम्प्टमधे सर्टयुटिल, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश डिकोडहेक्स, मग चालू.टीएक्सटी, मग चालू.बिन. सर्टयुटिल विंडोजमधे आधीपासूनच असते, काही डाउनलोड करायचं नाही. डॅश एफ यासाठी की फाइल आधीची असेल तर त्याशिवाय ती वर लिहू देत नाही. चालू.बिन ची साइज बघा, बरोबर ४ बाइट पाहिजे. पाच असली तरी कुठेतरी काही घुसलंय.

मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीमधे शेअरिंग चालू करून एक छोटं नाव द्या, मधे स्पेस नसलेलं, समजा डीएमपी. आता कॉपी, स्पेस, स्लॅश बी, स्पेस, चालू.बिन अधिक बिल्टी.टीएक्सटी, स्पेस, पूर्ण.पीआरएन, असं करून आधी एकच फाइल बनवा आणि मग दुसऱ्या कमांडने कॉपी स्लॅश बी पूर्ण.पीआरएन आणि पुढे दोन उलटे स्लॅश, लोकलहोस्ट, एक उलटा स्लॅश, डीएमपी. कोड वेगळा आणि बिल्टी वेगळी पाठवू नका, कारण ती दोन वेगळी कामं होतात आणि ऑफिसमधल्या दुसऱ्या टेबलावरून कोणी मधेच प्रिंट दिली तर तुमचा कोड त्याच्या कागदावर लागतो.

स्लॅश बी विसरायचं नाही. त्याशिवाय फाइली जोडल्या तर कॉपी कमांड त्यांना साधा मजकूर समजते आणि २६ नंबरचा बाइट दिसला की फाइल संपली असं धरून तिथेच थांबते. २६ काय येते म्हणून सोडू नका, २६ ओळींची पावती ठेवायची असेल तर कोडमधेच २६ येतो!

सॉफ्टवेअर सरळ एलपीटी१ वरच, म्हणजे त्या जुन्या प्रिंटर पोर्टवरच, लिहिणारं असेल तर नेट यूज एलपीटी१ कोलन आणि पुढे तोच शेअरचा पत्ता, शेवटी स्लॅश पर्सिस्टंट कोलन येस, असं केलं की एलपीटी१ ला गेलेलं यूएसबीच्या प्रिंटरवर निघतं. फक्त ही कमांड साध्या विंडोत द्या, अ‍ॅडमिनवाल्या विंडोत दिली तर तुमच्या सॉफ्टवेअरला ती जोडणी दिसत नाही.

आणि एक सल्ला तुम्ही विचारला नसला तरी देतो. १५ नंबरचा कोड पाठवून अक्षर अजून बारीक होतं, इंचाला १७ च्या वर अक्षरं, ८० कॉलमच्या प्रिंटरवर १३७ अक्षरांची ओळ बसते, ऑफिसमधे राहणाऱ्या रिपोर्टला ते चांगलं आहे. पण बिल्टीला वापरू नका. तिसरी कॉपी ड्रायव्हरजवळ जाते, तिच्यावर ते बारीक अक्षर कार्बनमधून पुसट येतं, आणि गाडी रायपूरला पोचल्यावर पार्टीचं नाव वाचता नाही आलं तर भांडण तुमच्याशी होईल. १२ अक्षरांवरच राहा, उलट पार्टीच्या नावाआधी २७ आणि जी, कॅपिटल जी, पाठवा, त्याने प्रिंटर प्रत्येक अक्षर दोनदा मारतो आणि खालच्या कॉपीपर्यंत ठसठशीत उमटतं, नाव संपलं की २७ आणि कॅपिटल एच ने बंद.

प्रश्न: सर, कळमना मार्केटला आमची अडत आहे, संत्र्याच्या सीझनमधे दिवसभर पावत्या निघतात. चार इंचाची सलग कागदाची पावती आहे, २४ ओळींची. प्रोग्राम बरोबर २४ ओळी छापते आणि थांबते. आता पावतीच्या आधी इको कमांडनं ठळक अक्षराचा कोड पाठवतो तेव्हापासून पहिली पावती बरोबर येते अन् मग हळूहळू खाली सरकत जाते, दुपारपर्यंत वजनाचा आकडा दुसऱ्याच पावतीवर.

उत्तर: इको कमांड जे पाठवते त्याच्या मागे दरवेळी ओळ संपवायचे दोन बाइट, १३ आणि १०, लावते. म्हणजे कोड तर गेला पण सोबत कागद एक ओळ पुढे सरकला. इंचाला ६ ओळी म्हणजे एक ओळ म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडं वर, एका पावतीत लक्षात येत नाही, पण २४ पावत्यांनंतर बरोबर चार इंच होतात, म्हणजे एक अख्खी पावती चुकली. तुमच्या दुपारच्या गोंधळाचा हिशेब हा असा आहे.

दोन गोष्टी करा. कोडची फाइल वर सांगितल्यासारखी सर्टयुटिलने बनवा म्हणजे मागे काही चिकटणार नाही. आणि ओळी मोजून पावती बदलायचं सोडूनच द्या, प्रिंटरलाच पानाची लांबी सांगा. सकाळी कागद फाटायच्या रेघेवर लावायचा आणि एकदा १बी ४३ ०० ०४ पाठवायचं, म्हणजे पान चार इंचाचं, जिथे कागद आता आहे तिथून. मग प्रत्येक पावतीच्या शेवटी ०सी हा एक बाइट, म्हणजे फॉर्म फीड, की प्रिंटर स्वतः पुढच्या पावतीच्या माथ्यावर जाऊन थांबतो, वरच्या पावतीत ५ ओळी असोत की २०. लांबी ओळींमधे पण सांगता येते, १बी ४३ १८, पण ती त्या वेळच्या ओळींच्या अंतराने मोजली जाते, आधी कोणी २७ आणि शून्य हे अक्षर (नंबर ४८, वरचा ०० बाइट नव्हे) पाठवून इंचाला ८ ओळी करून ठेवल्या असतील तर तेच २४ ओळींचं पान तीन इंचाचं होऊन बसतं, म्हणून मला इंचवालाच बरा वाटतो.

यात एक पथ्य आहे. २७ आणि @ पाठवला की पानाची लांबी पण मूळ सेटिंगवर जाते, तर प्रत्येक पावतीआधी @ पाठवू नका. वरच्या बिल्टीवाल्या भाऊंना पाठवायचाच आहे, तर त्यांनी फॉर्म फीड वापरत असल्यास त्याच फाइलमधे @ च्या लगेच मागे आपल्या बिल्टीच्या उंचीचा लांबीचा कोड जोडावा. आणि प्रिंटर चालू असताना बाजूची मूठ हाताने फिरवायची नाही, कागद किती सरकला हे प्रिंटर त्याच्या मोटरच्या हिशेबाने धरतो, हाताने फिरवलेलं त्याला कळत नाही. कागद सरकवायचाच असेल तर बटणाने. कामावरच्या पोरांना हे जरूर सांगून ठेवा.

अधूनमधून एक कोरी पावती जास्तीची निघत असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीमधे प्रिंट प्रोसेसर बघा, तिथे रॉ (म्हणजे बाइट जसेच्या तसे पाठवणं) च्या पुढे एफएफ अपेंडेड असं निवडलेलं असेल तर विंडोज स्वतःचं फॉर्म फीड लावतंय, नुसतं रॉ करा.

प्रश्न: दादा, मी प्रतापनगरला राहते, अकाउंट्सचं काम घरून करते, कॉम्प्युटरवर उबुंटू आहे. पुस्तकात १५ म्हणजे बारीक अक्षर असं वाचलं म्हणून प्रिंटएफमधे उलटा स्लॅश १५ दिलं, काहीच झालं नाही. उलटा स्लॅश २७ आणि @ दिलं तर नुसता @ छापला. आणि ओळी पण सरळ खाली न येता पायऱ्यांसारख्या उजवीकडे जात राहतात.

उत्तर: ताई, पुस्तकातला आकडा दशांशातला आहे आणि प्रिंटएफ उलट्या स्लॅशनंतरचा आकडा ऑक्टलमधे वाचतं, म्हणजे आठाच्या हिशेबाने. ऑक्टलमधला १५ म्हणजे आपला १३, तो फक्त हेडला ओळीच्या सुरुवातीला आणतो, हेड आधीच तिथे असेल तर काहीच झालेलं दिसत नाही. ऑक्टलमधला २७ म्हणजे आपला २३, त्याकडे प्रिंटरने लक्षच दिलं नाही आणि @ छापून टाकला. तुम्हाला पाहिजे उलटा स्लॅश ०३३, मग @, मग उलटा स्लॅश ०१७. ते पाइप करून एलपी, डॅश डी आणि प्रिंटरचं नाव, डॅश ओ रॉ. हे रॉ लिहिलं नाही तर मधली प्रिंटिंग सिस्टीम तुमच्या कोडला मजकूर समजून त्याचं पान बनवायला जाते. बारीक अक्षर बंद करायला ०२२.

या आकड्यांच्या घोळात सगळ्यात त्रास देणारा आकडा १२ आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दशांशातला १२ म्हणजे फॉर्म फीड, पान सोडतो. हेक्समधला १२ म्हणजे दशांशातला १८, तो बारीक अक्षर बंद करतो. ऑक्टलमधला १२ म्हणजे दशांशातला १०, एक ओळ पुढे. एकच आकडा आणि तीन वेगळी कामं, त्यामुळे कोणत्याही पुस्तकातून कोड घेताना आकडा कोणत्या हिशेबातला आहे हे आधी बघायचं, मगच टाइप करायचं.

पायऱ्यांचं कारण असं की लिनक्सच्या फाइलमधे ओळीच्या शेवटी फक्त १० असतो, कागद खाली सरकतो पण हेड डावीकडे परत येत नाही. फाइल युनिक्सटूडॉस या छोट्या प्रोग्रामातून काढा, तो प्रत्येक ओळीला १३ पण लावतो, की सरळ. (विंडोजवर याच्या उलट तक्रार असते, प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ, तिथे प्रिंटरच्या सेटिंगमधे ऑटो लाइन फीड चालू राहिलेलं असतं, ते बंद करायचं.)

प्रश्न: आमच्या झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटर आहे, त्याला हेच कोड पाठवून पान आडवं करता येईल का? सीताबर्डी.

उत्तर: हेच कोड नाही. बऱ्याच लेझरची भाषा पीसीएल असते, तिच्यातही एस्केप २७ च असतो पण पुढचे हुकूम वेगळे. २७ आणि कॅपिटल इ डॉट मॅट्रिक्सवर अक्षर ठळक करतो, पीसीएलमधे तोच प्रिंटर रीसेट करतो. आडव्या पानाला २७, मग अँड ची खूण, स्मॉल एल, १, कॅपिटल ओ.

पण आधी प्रिंटरच्या माहितीपत्रकात पीसीएल लिहिलंय का ते बघा. कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० सारखे, जे आपल्या गल्लीबोळातल्या दुकानांमधे भरपूर दिसतात, त्यांना यातली कोणतीच भाषा येत नाही. पानाचं चित्र कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर तयार करतो आणि प्रिंटर फक्त ते उमटवतो, त्यामुळे त्यांना कमांड लाइनवरून कोड पाठवण्यात वेळ घालवू नका, ड्रायव्हरच्या सेटिंगमधूनच करा.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत डॉट मॅट्रिक्सवर सभासदाचं नाव मराठीत छापायचं आहे. रॉ पाठवलं की अल्फा आणि डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला एन, असलं काहीतरी छापते.

उत्तर: तो कचरा दिसतो पण त्यात अर्थ आहे. युटीएफ-८ मधे मराठीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं, आणि त्यातला पहिला बाइट नेहमी हेक्स इ०, दुसरा ए४ नाहीतर ए५. प्रिंटरच्या जुन्या कोड पेज ४३७ मधे, म्हणजे कोणत्या नंबरला कोणतं अक्षर छापायचं याच्या तक्त्यात, इ० च्या जागी अल्फा बसलाय आणि ए४ च्या जागी तो रेघवाला एन. म्हणजे फाइल बरोबर पोचली, प्रिंटरच्या पोटातच देवनागरी नाही. भारतीय भाषांसाठी इस्की नावाचा कोड आयएस १३१९४ म्हणून १९९१ मधे ठरला होता, प्रिंटरच्या मॅन्युअलमधे त्याचा उल्लेख असेल तर रॉ मराठी निघू शकते, नसेल तर कोणत्याही एस्केप कोडने अक्षरं आणता येणार नाहीत.

मग मार्ग एकच, विंडोजच्या ड्रायव्हरमधून ग्राफिक म्हणून छापायचं. वेळ जास्त लागतो, नऊ पिनवर जोडाक्षरं जरा जाडी येतात, २४ पिनचा असेल तर बरीच सुबक. मी तरी म्हणेन लागू द्या वेळ. गावाकडच्या म्हाताऱ्या सभासदाला आपलं नाव पासबुकावर मराठीत वाचता आलं पाहिजे, ते महत्त्वाचं. नाव पहिल्या पानावर एकदाच छापायचं असतं, ते ग्राफिकने काढा, आणि आतल्या पानांवरच्या तारखा-रकमा रॉ कोडने, त्या भरभर निघतील. फक्त एकाच पानावर दोन्ही पद्धती करू नका, ड्रायव्हर काम संपलं की पान बाहेर काढतो आणि दुसऱ्यांदा कागद घातल्यावर ओळ जुळत नाही.

प्रश्न: सदरला आमची बेकरी आहे. थर्मल बिल प्रिंटरला गल्ल्याचा ड्रॉवर जोडलाय, तो बिल न काढता कमांडने उघडता येईल का? आणि कटर शेवटच्या दोन ओळी कापते, त्याचं काय करायचं?

उत्तर: येईल. १बी ७० ०० १९ एफए, ही पाच बाइटची फाइल वर सांगितल्याप्रमाणे बनवा आणि प्रिंटरला कॉपी स्लॅश बी करा. १९ म्हणजे दशांशात २५, एफए म्हणजे २५०, हे वेळेचे आकडे आहेत, एकेक आकडा दोन मिलिसेकंदाचा, म्हणजे ड्रॉवरला ५० मिलिसेकंदाचा झटका मिळतो. नाही उघडला तर तिसरा बाइट ०० चा ०१ करून बघा, काही ड्रॉवरची वायर दुसऱ्या पिनवर असते. ड्रॉवरची केबल प्रिंटरच्या मागेच लागली पाहिजे, कॉम्प्युटरला नाही, आणि फोनच्या सॉकेटसारखी दिसते म्हणून फोनच्या लाइनमधे तर अजिबात लावू नका.

कटरचं असं आहे की ते हेडच्या थोडं वर असतं, छापून झाल्याबरोबर कापलं तर शेवटच्या ओळी अजून आतच असतात. तुम्ही बहुतेक १डी ५६ ०० पाठवत असाल. त्याऐवजी १डी ५६ ४२ ०० पाठवा, त्यात प्रिंटर आधी कागद कटरपर्यंत पुढे घेतो आणि मग कापतो.